तोफगोळ्याखालची पाटी

शस्त्रांच्या प्रदर्शनावर समीक्षा ती काय लिहायची, असे काही मित्रांनी विचारले. कवितेवर लिहावे, आत्मकथनावर लिहावे, फार तर नाटकावर. गंजक्या लोखंडावर काय लिहिणार? माझे उत्तर साधे आहे. जेथे शब्द आहेत तेथे समीक्षेला जागा आहे, आणि प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक वस्तूखाली शब्दांची एक पाटी असते. आपल्या समाजात कवितेपेक्षा ही पाटी कितीतरी अधिक लोक वाचतात. शाळेची मुले रांगेने येतात आणि ती वहीत उतरवून घेतात. तिच्यात जे लिहिले ते इतिहास म्हणून पाठ होते. जे लिहिले नाही ते घडलेच नाही असे ठरते. म्हणून या लेखात मी गोळ्यांपेक्षा पाट्यांविषयी अधिक बोलणार आहे.

मी रावेतला राहतो. पवनेच्या काठचे हे गाव काल-परवापर्यंत शेतीचे होते. आज तेथे वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. पिंपरी-चिंचवडची तहान भागते ती येथल्या बंधाऱ्यावरच्या पाण्याने. गावाला लागून देहूरोडची लष्करी छावणी आणि लष्कराची भांडारे. पुण्याच्या वाटेवर खडकी, जेथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि १९४० पासून स्फोटकांचा. त्याच खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. दुसऱ्या अंगाला लोहगड-विसापूर, जे मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. म्हणजे या टापूत तोफेने एक राज्य बुडवले, आणि तोफेचे खाद्य आजही येथेच तयार होते. अशा ठिकाणी जुने गोळे, काडतुसांच्या पितळी नळ्या, ठासणीच्या बंदुकांचे सुटे भाग जमवणारे छांदिष्ट निघाले तर नवल नाही. शिवजयंतीच्या सुमारास त्यांची प्रदर्शने भरतात. लाल कापड अंथरलेल्या टेबलांवर लहानापासून मोठ्यापर्यंत गोळे मांडलेले असतात, मागे भगवे पडदे, आणि प्रत्येक गोळ्यापुढे एक पाटी.

त्यातली एक पाटी नमुन्यादाखल घेऊ. तीत लिहिले होते की हा लोखंडी, भरीव, मराठाकालीन तोफगोळा एका किल्ल्याच्या पायथ्याशी सापडला, लढाईत वापरला गेला, आणि तो शत्रूच्या उरात धडकी भरवणारा आहे. मराठीच्या शिक्षकांना मी विनंती करतो की या मजकुराचे व्याकरण वर्गात चालवावे. 'सापडला': कोणाला? 'वापरला गेला': कोणाकडून? सगळ्या मजकुरात काहीतरी करणारा कर्ता एकच आहे, आणि तो म्हणजे खुद्द गोळा. तो धडकी भरवतो. माणूस म्हणावा तर शत्रू, तोही धडकी भरून घेण्यापुरता. ज्याने गोळा ओतला, ज्याने तो घाटातून वर नेला, ज्याने तो तोफेत सारला आणि दोन-अडीचशे वर्षांनी ज्याच्या कुदळीला तो लागला, त्यांच्यापैकी एकही या वाक्यांत शिरलेला नाही. पाटी लिहिणाऱ्याने हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. त्याला तशी भाषाच शिकवली गेली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला किल्ला 'बांधला गेलेला' असतो, तळे 'खोदले गेलेले' असते. ज्या समाजात हाताने काम करणाराला हीन मानले, त्या समाजाच्या भाषेत काम आपोआप होत असते.

संग्राहकांवर सरसकट टीका करणे मला मान्य नाही, कारण त्यांतल्या चांगल्या लोकांजवळ ज्ञान आहे. भरीव गोळा आणि कुलपी गोळा यांतला भेद ते बोट ठेवून दाखवतात. भरीव गोळा नुसत्या आघाताने भिंत पाडतो किंवा माणसांच्या रांगेतून आरपार जातो. कुलपी गोळा आतून पोकळ असतो. त्यात दारू भरून वर बत्ती बसवलेली असते आणि तो पडल्यावर किंवा हवेतच फुटतो. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर मारा केला, तेव्हा गडावरचे वाडे जळाले ते अशा फुटणाऱ्या गोळ्यांनी. सहा-पौंडी तोफेचा भरीव गोळा सुमारे पावणेतीन किलोचा आणि नऊ सेंटिमीटर व्यासाचा असतो, हे सांगून ते तो हातात देतात. हातात घेतल्यावर कळते की इतिहासाला वजन असते.

पण त्याच प्रदर्शनात मला दुसऱ्या एका जाणकाराचे बोलणे ऐकायला मिळाले. हे गृहस्थ चिंचवडच्या बाजूला फाउंड्रीत तीस वर्षे साच्यावर काम करून निवृत्त झालेले. त्यांनी एक गोळा उचलला, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दोन पेट्यांचा साचा आहे, ही बघा शिवण. रस इथून ओतलाय, हा डाग त्याचाच." कुलपी गोळ्याबद्दल म्हणाले की आत पोकळी ठेवायची तर मातीचा कोअर अधांतरी धरावा लागतो, तो जरा हलला की एका बाजूची भिंत पातळ, मग गोळा तोफेतच फुटणार, हे काम नवशिक्याचे नाही. पुढे गेल्यावर एका गुळगुळीत गोळ्याकडे पाहून ते हसले. तो तोफेचा नव्हताच. कारखान्यांतल्या बॉल मिलमध्ये माल दळण्यासाठी लोखंडी गोळे वापरतात, झिजले की ते भंगारात जातात, आणि तेथून 'शिवकालीन' होऊन दिवाणखान्यात चढतात. हा प्रकार जगभर चालतो. आमच्या औद्योगिक पट्ट्यात तर असल्या गोळ्यांना तोटा नाही. मुद्दा असा की, गोळ्याची खरी भाषा वाचणारा माणूस टेबलाच्या अलीकडे उभा होता आणि टेबलापलीकडच्या कोणीही त्याला खुर्ची दिली नाही.

आता गोळ्याच्या मागे उभे असलेल्या माणसांकडे वळू. सुरुवातीच्या काळात गोळे दगडाचेही असत. आजही किल्ल्यांवर ते दिसतात आणि त्यांच्यावर टाकीचे घाव मोजता येतात. दगड फोडणे, घडणे हे काम पाथरवटांचे, बेलदारांचे, वडारांचे. लोखंडाचे काम लोहारांचे, घिसाड्यांचे. तोफ म्हणजे काही हातात धरून चालवायचे हत्यार नव्हे. ती गाड्यावर चढवायची, बैल जुंपायचे, चढणीला माणसे लावायची, आणि हे सगळे दोरांवर अवलंबून. दोर वळणे हे गावगाड्यात मांगाचे काम. चामड्याची पखाल, पट्टे, वाद्या हे ढोर आणि चांभार यांचे काम. ओझे वाहणे, वाट दाखवणे, फौज गावावरून गेली की वेठीला उभे राहणे हे महाराचे काम. या यादीत गावकुसाबाहेरची आणि पालावरची किती माणसे आली ते पाहा. ज्यांची सावली नको होती त्यांच्या दोराने तोफ घाट चढली. लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत तोफांची संख्या असते, बैलांची संख्यासुद्धा कधीकधी असते. दोर वळणाराची नसते.

विजापूरच्या मुलुख-ए-मैदान तोफेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. ती ओतणाऱ्या महंमद रूमीचे नाव तोफेवरच कोरलेले आहे, म्हणजे कारागिराने वस्तूवर आपले नाव टाकण्याची सोय त्या काळी होती, निदान दरबारात मान असलेल्या कारागिराला होती. १६३२ साली ही तोफ परांड्याहून विजापूरला नेली. तिला किती बैल आणि किती हत्ती लागले याच्या कथा लोक रंगवून सांगतात. हत्ती कथेत आले. रस्ता कोणी केला, ओढ्यात रुतलेले चाक कोणी उचलले, चाकाखाली कोण गेला, याची कथासुद्धा नाही.

येथे कोणी म्हणेल, पाटीवर नावे कोरण्याची परंपराच आपल्याकडे नव्हती, त्याला संग्राहक काय करणार? परंपरा नव्हती हे खरे नाही. रावेतहून पुण्यापलीकडे नगर रस्त्याला लागले की कोरेगाव भीमा येते. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे माणसे पेशव्यांच्या मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिली. त्यांच्याजवळ दोन सहा-पौंडी तोफा होत्या. दिवसाच्या ओघात त्यातली एक हातची गेली आणि ती परत घेतली गेली. तेथल्या स्तंभावर मेलेल्यांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ नावे 'नाक' या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. युद्धाच्या अवशेषाखालची एवढी स्पष्ट पाटी महाराष्ट्रात मला दुसरी माहीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले ते तोफा पाहायला गेले नव्हते. तोपर्यंत 'तुम्ही लढाऊ नाही' हे सरकारी कागदावर लिहून झाले होते, आणि त्याला उत्तर त्या दगडावर होते.

परंतु त्या पाटीचेही वाचन सावधपणे केले पाहिजे. आपल्या चळवळीत ते नेहमी होते असे नाही. ही नावे कंपनीने आपल्या विजयाच्या स्तंभावर, आपल्या हेतूने कोरली. नावे कोरणाऱ्या त्याच सत्तेने १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावी महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हाच ही भरती कायमची झाली. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो जाऊन तेथे खंजीर आला. दगडावर, बिल्ल्यावर आणि कागदावर आपले नाव येते आणि जाते, ते दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे. हे समजून घेतल्याशिवाय नुसता स्तंभापुढे हात जोडण्यात काय अर्थ आहे?

आणखी एक गोष्ट. कोरेगावच्या त्या दोन तोफा चालवणारे गोलंदाज मद्रास तोफखान्यातले युरोपियन होते. १८५७ नंतर तर इंग्रजांनी डोंगरी तोफखाने वगळता जवळजवळ सगळा तोफखाना गोऱ्यांच्या हाती ठेवला. हिंदी गोलंदाजांचा पहिला मैदानी तोफखाना उभा राहायला १५ जानेवारी १९३५ उजाडावा लागला, तोही बंगलोरला. बंदूक द्यायची पण तोफेला हात लावू द्यायचा नाही. तोफेजवळ माणूस हवा, पण ओढायला, पुसायला, पाणी आणायला. ही रचना ओळखीची वाटते ना? ती इंग्रजांनी भीतीपोटी केली, आपल्याकडे ती धर्माच्या नावाने आधीपासूनच होती. संग्राहकाच्या टेबलावरच्या गोळ्याला याचा वाससुद्धा नाही. तेथे सगळा 'मावळा' एकच असतो, आणि त्याच्या पंगतीचा प्रश्न कोणी काढत नाही.

येथवर गेल्या शतकांतले गोळे झाले. आता आजचे. मराठीत गोळा या शब्दाचा एक खेळ आहे: एक जण गोळे जमवतो आणि दुसरा गोळा करतो. जमवणारा छांदिष्ट म्हणून ओळखला जातो, गोळा करणारा भंगारवाला म्हणून. नगरजवळच्या खारे कर्जुने गावांच्या नावाने ओळखला जाणारा के. के. रेंज हा लष्कराच्या सरावाचा मुलूख आहे. तेथे डागलेल्या गोळ्यांचे पितळ, तांबे, लोखंड वेचून विकणारी माणसे आसपासच्या गावांत आहेत, आणि न फुटलेला गोळा फोडताना त्यांतली काही मेली आहेत. मेलेल्याची बातमी दोन ओळींची येते. 'भंगाराच्या मोहापायी' हा शब्दप्रयोग तीत बहुधा असतोच. संग्राहकाच्या बाबतीत 'मोह' म्हणत नाहीत, 'ध्यास' म्हणतात.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांतले बहुतेक जवळपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. त्याच भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत मेलेल्यांत आग विझवायला गेलेले कर्मचारीच अधिक होते. जुना गोळा हा मेलेला गोळा असे समजणे धोक्याचे आहे. २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तिथल्या यादवी युद्धातला, म्हणजे सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक ठार झाला. आतली काळी दारू कोरडी राहिली की ती वयाने मरत नाही. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले गोळे आजही नांगराला लागतात, आणि तेथे ते उचलून नेणारी सरकारी पथके ठरलेली आहेत. आपल्याकडे भोक असलेला गोळा सापडला तर तो पहिल्यांदा उचलणारा हात खोदाई करणाऱ्या बाईचा किंवा गुरे राखणाऱ्या पोराचा असतो. खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांनी एवढे जरी वर्गात सांगितले, की असा गोळा दिसला तर हात लावायचा नाही, ठोकायचा नाही, चुलीजवळ न्यायचा नाही आणि पोलीस ठाण्याला कळवायचे, तरी पुष्कळ झाले.

कायद्याचीही गंमत पाहा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत लपलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. त्या वस्तूचा मूळ धनी नाही असे ठरले आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात दुसरा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, असे त्यात लिहिले आहे. सरकारला ती वस्तू मोबदला देऊन घेता येते, ते वेगळे. म्हणजे इंग्रजांच्या कायद्यानेसुद्धा पाटीवर न आलेल्या त्या 'सापडला'चा कर्ता मान्य केला. रावेत-किवळे-पुनावळ्याच्या पट्ट्यात रोज पाये खणले जात आहेत. खणणारे मराठवाड्याचे, विदर्भाचे, कर्नाटकाच्या सीमेवरचे, आणि आता उत्तरेकडचेही. त्यांतल्या एकाला तरी हा तीन चतुर्थांशाचा हिशेब कोणी सांगितला आहे का? १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू परदेशी नेता येत नाहीत, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. हे संग्राहकांना ठाऊक असते. मजूर मात्र वस्तू ठेकेदाराच्या हातात देतो, ठेकेदार ओळखीच्याला देतो, आणि पाटीवर 'सापडला' एवढेच उरते.

माझ्या वडिलांनी एका लष्करी भांडारात हमाली केली. पेटीवरची इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत नसत, पण रंग वाचता येत. पिवळा पट्टा दिसला की पेटी खाली ठेवताना आवाज होता कामा नये, एवढे शास्त्र त्यांना ठाऊक होते. त्यांचा नंबर घातलेला पितळी बिल्ला बरीच वर्षे घरात खिळ्याला लटकत होता. त्यांच्या जमान्यातले किती बिल्ले मोडीत गेले असतील! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडचा पसारा वाढला तेव्हा गावोगावचे आपले लोक पोटासाठी तेथे आले आणि छावणीच्या कडेने वस्ती झाली. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. आयुधांच्या भांडाराशेजारी बुद्ध. पेट्या वाहणाऱ्यांच्या वस्तीत हे घडले. आमच्या प्रदर्शनांतल्या 'परिसराचा लष्करी वारसा' या फलकावर ही ओळ कधी आलेली नाही.

यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला रोखठोक विचारले की बौद्धाने तोफगोळ्यांच्या नादी लागावेच का? शस्त्रांचे कौतुक ज्यांना करायचे त्यांना करू द्या. आपल्याला त्यात वाटा कशाला हवा? प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देता कामा नये. मलाही कौतुकात वाटा नको. गोळ्याखाली 'हा महारांनी डागला' अशी दुसरी फुशारकीची पाटी लावून काही साधणार नाही. ती पहिल्या पाटीचीच धाकटी बहीण होईल. मला हवी आहे ती नोंद. लष्कराने आपल्या समाजाला पराक्रमाची संधी दिली हे नेहमी सांगितले जाते, पण त्याहून मोलाची गोष्ट दिली ती शाळा. लष्करातल्या शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकणे भाग होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि पेन्शनीच्या आधाराने लेखणी चालवू लागले. म्हणून आपल्या दृष्टीने लष्करी अवशेष कोणते? पेन्शनीचे पुस्तक, नोकरी सुटल्याचा दाखला, पलटणीच्या शाळेतली पाटी, अर्जाचा मसुदा. यांतले काही कोणा संग्राहकाच्या कपाटात मी पाहिले नाही. पदके मात्र पाहिली, कारण पदकात चांदी असते.

वस्तू जपायचे काम आपल्या लोकांनी केलेच नाही असेही नाही. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टंकयंत्र आणि इतर वापरातल्या वस्तू सांभाळल्या. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. पण हे एका महापुरुषाभोवतीचे जतन झाले. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, कातीव दारे अशी रोजच्या हातातली वस्तू जमवली, आणि राजेरजवाड्यांच्या तलवारींहून हे काम मला मोठे वाटते. तरी तेथेही अडकित्त्याची नक्षी पाहताना घडवणाऱ्याची जात, त्याची मजुरी, त्याचे घर गावात कोठे होते हे मनानेच भरून घ्यावे लागते. वस्तू सुंदर आहे असे म्हटले की प्रश्न संपतो, ही समजूत सौंदर्यशास्त्राच्या नावाखाली आपल्याकडे फार चालते. साहित्यात दलित लेखकांनी ती मोडली. संग्रहालयांत ती अजून शाबूत आहे.

रावेतच्या त्या संग्राहकांशी माझे बोलणे झाले. गृहस्थ सज्जन आहेत, स्वतःच्या पगारातून हा खटाटोप करतात. ते म्हणाले, "नाव माहीत नाही तर मी पाटीवर लिहू काय?" मी म्हणालो, माहीत नाही हेच लिहा. सापडला तर कोणत्या कामात, कोणत्या साली, खणणारा कोणत्या गावचा, हे गेल्या दहा वर्षांतल्या वस्तूंबाबत तरी विचारून लिहिता येईल. जुन्याबाबत लिहा की ओतणाऱ्याचे, वाहणाऱ्याचे, दोर वळणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, पाटी लांबेल, लोक वाचत नाहीत. मी त्यांना 'शत्रूच्या उरात धडकी भरवणारा' हे शब्द काढायला सुचवले. तेवढ्यात जागा होते. ते त्यांना पटलेले दिसले नाही. धडकीशिवाय प्रदर्शनाला गर्दी होत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि अनुभवाने ते खरेही असेल.

तेव्हा पाटी बदलण्याची वाट पाहत बसू नये. महाविद्यालयांतले आपले विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय विचारत असतात. खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, पुलगाव, भंडारा, अंबाझरी या ठिकाणच्या आयुध कारखान्यांत आणि भांडारांत काम केलेली माणसे अजून हयात आहेत. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या, आणि अशा बदलांत जुनी दप्तरे, जुने बिल्ले, जुनी हजेरीपुस्तके पहिल्यांदा अडगळीत जातात. या माणसांकडे जावे. कोणत्या साली लागलात, कोणाच्या ओळखीने लागलात, रोजंदारी काय होती, पाण्याचा माठ एक होता की दोन, डबा कोणाबरोबर खात होता, अपघात कधी झाला, मेलेल्याच्या घरी काय मिळाले, हे विचारावे आणि त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. दाखल्यांच्या प्रती काढाव्यात, मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवावा. बायकांना वेगळे विचारावे, कारण काडतुसे भरण्याच्या आणि पेट्या बांधण्याच्या कामावर त्याही होत्या की नव्हत्या हे पुरुष नीट सांगत नाहीत.